आधी वाचून दाखव

"मी हात नाय लावणार," चंद्राबाई म्हणाली. "आधी ते काय लिवलंय ते वाचून दाखवा."

विहारात खोक्याच्या फळ्या नुकत्याच उचकटल्या होत्या आणि थर्माकोलच्या भुग्यातून बुद्धमूर्ती वर आली होती. पांढरीशुभ्र, लहान पोराच्या उंचीची, काळ्या दगडाच्या पायथ्यावर बसलेली. बायकांनी हात जोडले होते. दोन हजार तीनची बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती, आमदारसाहेबांच्या हस्ते मूर्ती बसायची होती, आणि पहिलं फूल वस्तीतली सगळ्यांत म्हातारी म्हणून चंद्राबाईने वाहायचं, असं कमिटीने ठरवलं होतं. ती जवळ आली, बघायला वाकली आणि तिची नजर पायथ्यावर अडली. तिथे अक्षरं खोदलेली होती. एक मोठी उभी ओळ, डाव्या हाताला एक छोटी.

"आजी, चिनी हाय ते," कमिटीचा अध्यक्ष मुकेश म्हणाला. "तैवानच्या संस्थेनं मूर्ती दान दिलीय. त्यांच्या भाषेत लिवलंय."

"तुला येतं वाचायला?"

"मला कुठनं येणार? कोणालाच येत नाय."

"मंग कशावरनं बरं लिवलंय?"

"अगो आजी, देवाच्या मूर्तीवर कोण वायट लिवतो का?"

"देवाच्या?"

"बुद्धाच्या," मुकेशने घाईघाईने दुरुस्त केलं. दोघंतिघं हसली. "कायतरी चांगलंच असेल."

चंद्राबाईने आपल्या मुलाकडे पाहिलं. रामा साठीला आलेला, रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, पण आईच्या त्या नजरेने त्याची मान खाली गेली. हे वाक्य तिने पूर्वी ऐकलं होतं, आणि त्याने तिच्या तोंडून.

चंद्राबाई लग्न होऊन टोकावड्याच्या अंगाला एका गावात आली, तेव्हा तिथल्या देवळाची शेवटची पायरी संपते तिथे एक काळा दगड पुरलेला होता. दगडावर अक्षरं होती. तिच्या लोकांनी त्या दगडापर्यंतच जायचं. तिने एकदा लांबूनच गुरवाला विचारलं, यावर काय लिवलंय. तो म्हणाला, कायतरी चांगलंच असेल, देवाचं नाव असेल, तिथनंच पाया पड. ती पडली. दर सोमवारी पडली. दगडाला हळद लावली, कुंकू लावलं, त्यावर कपाळ टेकवलं. रामा पोटात असताना, रामा कडेवर असताना, रामा बोट धरून चालायला लागला तेव्हाही.

मग रामा शाळेत गेला. तिसरीत असताना एका सोमवारी त्याने कुंकवाचा थर नखाने खरवडला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं. पहिला शब्द त्यांच्या जातीचा होता. पुढे लिहिलं होतं, यांनी या दगडापुढे येऊ नये.

गुरवाला वाचता येत होतं. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर कोणीतरी म्हणेल, त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नसेल.

चंद्राबाईने घरी येऊन चुलीतली राख घेतली आणि कातडी सोलेपर्यंत कपाळ घासलं. छप्पनच्या धर्मांतरानंतर वस्तीने देव टोपल्यांत भरून नदीत सोडले, तेव्हा पहिली टोपली तिची होती. त्यानंतर तिने कपाळ कशावरच टेकवलं नाही. बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडायची, बुद्धाला हात जोडायची, पण उभ्यानेच. रामाची नोकरी लागली तशी ती त्याच्याबरोबर उंबरमाळीला आली. तो दगड तिकडेच राहिला, पण तो तिच्याबरोबर आला होता हे रामाला माहीत होतं.

"वाचून देतो, आये," रामा म्हणाला.

"पौर्णिमेच्या आधी," चंद्राबाई म्हणाली. "नायतर फूल दुसऱ्या कोणाला तरी द्या. माझ्याच्यानं होणार नाय."

बाहेर आल्यावर मुकेशने रामाला बाजूला घेतलं. मुकेश मुरबाडच्या एमआयडीसीत कामगार पुरवायचा, आणि पंचायत समितीच्या तिकिटावर त्याचा डोळा होता. वस्तीत हे कोणापासून लपलेलं नव्हतं.

"तात्या, आजीला सांगून टाका ना, मंगल वचन हाय म्हणून. म्हातारीला काय कळतंय?"

"गुरवाला पण असंच वाटलेलं."

"कोण गुरव?"

"काय नाय."

"आणि तसं पण ती अक्षरं दिसणार नायत. पायथ्याला पुढनं संगमरवरी पाटी लागणार हाय. साहेबांचं नाव, खाली माझं, मंग कमिटी. ऑर्डर दिलीय. पाटी बसली की आजीचा प्रश्नच मिटला."

"झाकलं की मिटतं?"

मुकेशने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तात्या, खरं सांगा. पाटीवर तुमचं नाव नाय म्हणून चाललंय का हे?"

दुसऱ्या दिवशी वस्तीत हेच पसरलं होतं, की रामाला पाटीवर नाव पाहिजे होतं, मिळालं नाही, म्हणून त्याने म्हातारीला पुढे केलं. आपल्या माणसांचं हे असं आहे. शंका घ्यायची ती आपल्याच माणसावर. आमदाराच्या नावावर कोणी घेत नाही. या तालुक्याच्या धरणांचं पाणी मुंबईच्या नळांना येतं आणि इथल्या बायका मे महिन्यात टँकरमागे हंडे घेऊन पळतात. याबद्दल साहेबांना कोणी विचारलं नव्हतं. साहेब येणार म्हणून मांडव घालत होते.

रामाला संशयाची लाज वाटत नव्हती. तो कीमन होता. रूळ स्लीपरला धरून राहावेत म्हणून लोखंडी चाव्या ठोकलेल्या असतात. खांद्यावर हातोडा टाकून रोज आपला तुकडा पायी तुडवायचा, ढिली चावी दिसली की ठोकायची, हे त्याचं काम. काल ठोकलेली चावी आज घट्ट असेल असं मानून चालणाऱ्या माणसाची ती नोकरी नव्हती. घाटातून गाड्या जायच्या, आतली माणसं झोपलेली असायची. ती झोपायची कारण खाली कोणीतरी विश्वास न ठेवता चालत गेलेला असायचा. वस्तीत त्याला शंकेखोर रामा म्हणत. त्याच्या तुकड्यावर कधी गाडी घसरली नाही, याबद्दल मात्र कोणी काही म्हणत नसे.

त्याने पतंगाचा कागद आणला, पायथ्यावर ताणून धरला आणि चुलीतला कोळसा हलक्या हाताने घासला. पोरं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, तसं. अक्षरं काळ्यात पांढरी उठली. सगळी मिळून अकरा. कागदाची गुंडाळी करून, खोक्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा संस्थेच्या वेबसाइटचा पत्ता खिशात घालून तो आसनगावला उतरला आणि टमटमने शहापूरला गेला.

बाजारपेठेत झेरॉक्सच्या दुकानावर माळ्यासारखी एक खोली होती, तिथे सायबर कॅफे. नेहा नावाची तिशीतली बाई तो चालवायची. नवरा कल्याणला नोकरीला, ही इथे चार कॉम्प्युटर सांभाळून. काउंटरवर गणपती, त्याला जास्वंदीचं फूल.

"चिनी साइट?" ती म्हणाली. "काका, तिकडे तो नवीन रोग आलाय. पेपरात रोज येतंय, तोंडाला फडकी बांधून फिरतात. कॉम्प्युटरमधनं नाय ना येणार?" मग तो हसला नाही हे पाहून तिनेही हसू आवरलं. "कशाला पाहिजे पण?"

"मूर्ती आलीय तिकडनं. खाली काय लिवलंय ते बघायचंय."

"कुठल्या देवळाची?"

"देऊळ नाय. विहार."

"अच्छा," नेहा म्हणाली.

त्या 'अच्छा'त काय काय असू शकतं ते रामाला पाठ होतं. रेल्वेच्या गँगमध्ये, चहाच्या टपरीवर, भाड्याने खोली बघताना त्याने ते ऐकलेलं होतं. कधी त्यात काहीच नसायचं. पण ते कधी, हे कळायला मार्ग नव्हता. तो तिच्या शेजारी स्टूल ओढून बसला आणि तिच्या बोटांवर नजर ठेवली.

फोनची लाइन किरकिरली, साइट उघडायला लागली. आधी चित्रं आली. ओळीने मूर्ती, पांढऱ्या, हसऱ्या, सगळ्या अगदी त्यांच्या मूर्तीसारख्या. प्रत्येकीच्या खाली एक ओळ मजकूर. पण तो मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांवर टोप्या, पौंडाची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं, मध्येच अर्धा अपूर्णांक.

"हे चिनी?" रामाने विचारलं.

"असंच असेल."

"चिनी अक्षर मी घेऊन आलोय." त्याने कागद उलगडला. "हे बघ. त्यात पौंड कुठाय?"

नेहाने कागद पाहिला, स्क्रीन पाहिला. "थांबा. ब्राउजरला कळत नसेल ही कुठली भाषा ते. त्याला सांगावं लागतं." तिने वर 'व्ह्यू' दाबलं, त्यात 'एन्कोडिंग' नावाची लांबलचक यादी होती. तिने एकावर टिचकी मारली. टोप्या गेल्या. त्यांच्या जागी चौकोन आले, रिकामे, सगळे एकसारखे.

"आता हे काय?"

"आता त्याला भाषा कळली. पण त्या भाषेची अक्षरं या मशीनमध्ये नायत. म्हणून रिकामे डबे दाखवतोय. ती डाउनलोड करायला लागतील."

"म्हणजे लिवलेलं हाय पण दिसत नाय."

"हां, तसंच."

रामा त्या चौकोनांकडे बघत बसला. एवढी ओळ सगळ्यांसमोर मांडलेली, आणि प्रत्येक अक्षरावर कोणीतरी झाकण ठेवलेलं. पट्टी हळूहळू भरत होती. अर्ध्याच्या पुढे गेली आणि लाइट गेले.

"लोडशेडिंग," नेहा म्हणाली. "उद्या या."

तिने मुद्दाम काही केलं का, हे बघायला तो जिना उतरून खाली गेला. झेरॉक्सवाल्याचा पंखाही बंद होता.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा अक्षरं उतरवून झाली होती. स्क्रीनवर खरोखरचं चिनी होतं, काड्याकुड्यांची दाट दाट अक्षरं. नेहा खूश होती. "बघा काका. मगाशीच करून ठेवलं. आता भाषांतर करून देणारी एक साइट हाय, त्यात टाकून देते. कुठली तुमची मूर्ती?"

मूर्ती सगळ्या सारख्या होत्या. खालची अक्षरंच काय ती वेगळी. रामाने कागद स्क्रीनला लावला आणि एकेका ओळीवरून कीमनसारखा चालत गेला. पहिली ओळ. दुसरी. पान संपलं, पुढचं आणलं. त्याच्या कागदावरचं एकही अक्षर कुठे नव्हतं.

"तुमची मूर्ती यात नसेल," नेहा म्हणाली.

"दुसऱ्यांच्या पण ओळी बघ ना. एवढ्या मूर्ती, एवढं लिवलेलं, आणि माझ्या कागदावरचं एक अक्षर पण कुठं नाय? आपल्याकडं कुठली पण दहा वाक्यं घेतली तर त्यात एक तरी अक्षर तेच येईल."

"मग मी काय करू?"

"तू मला दुसरंच कायतरी दाखवतेस."

खोलीतलं एक पोरगं खेळ थांबवून वळून बघायला लागलं. नेहाचा चेहरा लाल झाला. "काका, मला चिनी येत असतं तर मी इथे बसले असते का? मला तुम्हाला फसवून काय मिळणारे? काल पण बघत होते, तुमी सारखे माझ्या बोटांकडं बघताय."

"सवय हाय."

"वाईट सवय हाय."

"हां," रामा म्हणाला. "पण उपयोगी हाय."

तो उठला नाही. तीही रागात होती, तरी तिचा हात माउसवरून निघाला नाही. तिने यादी पुन्हा उघडली आणि बघत राहिली. "दोन हायत," ती म्हणाली. "चायनीज दोन प्रकारचं. एक सिम्प्लिफाइड, एक ट्रॅडिशनल. म्हणजे एक सोपं केलेलं आणि एक जुनं. मी सोपं घेतलं. म्हटलं सोपं तेच बरं." तिने दुसऱ्यावर टिचकी मारली.

पान थरथरलं. अक्षरं तिथल्या तिथे बदलली. मगाशी जी एवढी खरी वाटत होती ती सगळी गेली आणि दुसरी आली, जास्त दाट.

"म्हणजे आधीचं?"

"कचरा होता," नेहा म्हणाली. "चिनी दिसणारा कचरा."

रामा पुन्हा चालायला लागला. खालच्या बाजूला एका मूर्तीपाशी त्याचं बोट थांबलं. त्याने कागद लावला. वरचं अक्षर जुळलं. दुसरं जुळलं. सगळी अकरा जुळली. नेहाने आपणहून पुन्हा पहिल्यापासून मोजून पाहिली.

मग तिने ती ओळ उचलून भाषांतराच्या साइटवर टाकली. इंग्रजी आलं, मोडकंतोडकं. नेहा एकेक शब्द लावत वाचू लागली. "दयाळू आई. मग ही तीन अक्षरं तशीच राहिलीत, त्याला नाय जमलं. मग... आठवण. स्मरणार्थ. आणि ही छोटी ओळ, मुलं-मुली, आदराने, उभं केलं."

"तीन अक्षरं का नाय जमली?"

"नाव असेल. नावाचं भाषांतर कसं करणार?"

"हे खरं कशावरनं? सगळ्यालाच दयाळू आई म्हणत असेल ते. दुसऱ्या एका मूर्तीखालचं टाकून बघ."

नेहाने शेजारची ओळ टाकली. त्यावर कुठल्याशा कारखान्याच्या कामगारांनी शांतीसाठी असं काहीतरी आलं. तिसरी टाकली, ती तिसरंच काही निघाली.

"आता?" तिने विचारलं.

"आता तू सांग. खरं हाय?"

"मला नाय माहीत, काका. मी इथवर आणू शकते. पुढचं मला येत नाय."

रामाने कागद गुंडाळला. मूर्ती आल्यापासून 'कायतरी चांगलंच असेल' म्हणणारे त्याला ढीगभर भेटले होते. 'मला नाय माहीत' म्हणणारी ही पहिली. जिन्याच्या तोंडाशी तो थांबला. "बाय, पौर्णिमेला ये विहारात. खीर असते."

"बघते," नेहा म्हणाली. येणार की नाही ते तिच्या आवाजावरून कळलं नाही, आणि या वेळी रामाने ते शोधलंही नाही.

पौर्णिमेला सकाळी मांडवात खुर्च्या लागल्या होत्या. साहेब वाशिंदपर्यंत आलेत, असा फोन आला होता. रामा आईला घेऊन विहारात शिरला तेव्हा गवंडी पायथ्यापाशी सिमेंट कालवून बसला होता आणि संगमरवरी पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. साहेबांचं नाव सोनेरी, मुकेशचं त्याच्यापेक्षा जेमतेम लहान.

"वाचलंस?" चंद्राबाईने विचारलं. माणसं जवळ सरकली.

"वाचलं, आये. कोण्या बाईचं नाव हाय. दयाळू आई, तिच्या स्मरणार्थ. पोरांनी बसवलीय, असं लिवलंय."

"नाव काय तिचं?"

"नाव नाय वाचता आलं. मशीनला पण नाय आलं."

"जात?"

"नाय लिवली."

"कोणी पुढं यावं, कोणी नाय यावं, असलं काय?"

"नाय."

"नीट बघितलंस?"

"सगळी अक्षरं बघितली. कागद लावून लावून बघितली."

"झालं ना आजी समाधान?" मुकेश हसत पुढे आला. "चला, घ्या रे पाटी. साहेब पोचतील."

गवंड्याने थापी उचलली. चंद्राबाईने ती बघितली, मग भिंतीची पाटी बघितली, मग अक्षरं. "हे कशाला?"

"पाटी बसवायचीय. इथंच, पुढनं."

"ह्या बाईवर?"

"आजी, आपल्याला कुठं ती माहीत हाय? मेलेली बाई, परदेशातली. तिचं नाव कोणाला वाचता पण येत नाय."

"माझं नाव वाचतो का रे कोणी?" चंद्राबाई म्हणाली.

आणि ती खाली बसली. पायथ्याला पाठ लावून, मूर्तीकडे पाठ करून, पाय लांब सोडून बसली. गवंडी थापी हातात धरून उभा. मुकेशने रामाकडे बघितलं. "तात्या, उठवा त्यांना. पायथ्याला पाठ लावून बसतात का? लोक काय म्हणतील?"

"मी नाय उठवत."

"साहेबांना काय सांगू?"

"कायतरी चांगलं सांग," रामा म्हणाला.

मागे कोणीतरी बाई खुदकन हसली. मग दुसरी. मुकेशने बाहेर गाडीचा हॉर्न ऐकला, घामाने भिजलेला सदरा सारखा केला आणि पाटी उचलायला सांगितली. दोघांनी ती बाहेर नेली. ठेवायला सपाट जागा नव्हती म्हणून पाण्याच्या पिंपांना टेकवून उभी केली, घाईत, अक्षरं पिंपाकडे करून. गवंड्याचं सिमेंट घमेल्यात वाळायला लागलं.

साहेब आले, हात जोडून बोलले, निघून गेले. त्यांना पाटी हवी होती की नाही हे कोणी विचारलं नाही.

गर्दी ओसरल्यावर रामाने आईला उठवलं आणि तिच्या हातात फूल दिलं. तिने ते मूर्तीच्या पायाशी ठेवलं नाही. खाली, मोठ्या ओळीच्या मध्यावर, त्या तीन अक्षरांपाशी ठेवलं. कपाळ टेकवलं नाही. मग बोट वरच्या अक्षरावर ठेवून ती हळूहळू खाली उतरली, खाचेतून, एकेक काडी चाचपत. शेवटच्या अक्षरापाशी आली की पुन्हा वर जायची.

"आये, चल," रामा म्हणाला. "टँकर आलाय."

"तू हो पुढं," चंद्राबाई म्हणाली. "मी वाचतेय."